सातबारा की सात डिसेंबर?

एक्सेलची कोरी शीट उघडा, कुठल्याही चौकोनात ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा. डोळ्यांदेखत सातबाऱ्याची सात डिसेंबर होते. यंत्रावर अमेरिकी पद्धतीची तारीख लावलेली असेल तर बारा जुलै होते. बरं, तारीख नको, साधा आकडा दाखव म्हटलं, तर ते ४५९९८ दाखवतं. हा आकडा २०२५ सालात केलेल्या नोंदीचा. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तिथून केलेली ही मोजणी, आणि तीत २९ फेब्रुवारी १९०० हा जगात कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. एक्सेलच्या आधी लोटस १-२-३ नावाच्या प्रोग्रामची चलती होती. त्याने १९०० हे लीप वर्ष मानलं होतं, आणि त्याच्या फायली बिनबोभाट उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक मुद्दाम पुढे चालवली. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात, बँकेचा बोजा चढतो, विहीर चढते. पण न उगवलेला दिवस चढलेला कुठल्या तलाठ्याने पाहिला नसेल.

गट नंबर १२ चे भावाभावांत तुकडे झालेले असतील तर आणखीच मौज. १२/१, १२/२, १२/३ अशी यादी टाइप करत गेलं की थोरल्याच्या वाट्याला १२ जानेवारी येते, मधल्याच्या १२ फेब्रुवारी आणि धाकट्याच्या १२ मार्च. शेत जागच्या जागी राहतं आणि कालनिर्णयाची वाटणी होते.

यात एक्सेलचा हेतू वाईट नसतो. त्याला मदत करायची असते, आणि न मागता मदत करणाऱ्याला आवरणं किती कठीण असतं ते लग्नघरात वावरलेल्या कुणालाही विचारा. तुम्ही काय लिहिलंत ते त्याला दिसतं, पण ते कशातलं आहे हे तुम्ही सांगितलेलं नसतं. मग ते स्वतःच ठरवून टाकतं.

प्रोग्रामिंगच्या कुठल्याही पुस्तकात दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या धड्यात हे ‘डेटा टाइप’ प्रकरण येतं. पूर्णांक म्हणजे इंट, दशांश चिन्हवाला म्हणजे फ्लोट, एक अक्षर म्हणजे कॅरेक्टर, अक्षरांची माळ म्हणजे स्ट्रिंग, हो-नाही म्हणजे बुलियन. पोरं तक्ता पाठ करतात, परीक्षेत चौकटी आखून काढतात, आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्राहकाचा मोबाईल नंबर इंटमध्ये ठेवतात. तक्त्यात प्रकारांची नावं असतात. त्यांच्यावाचून काय अडतं, ते नसतं.

अडतं ते असं. काँप्युटरच्या मेमरीत शून्य आणि एक यांच्या रांगांखेरीज काहीही नसतं. ०१०००००१ ही रांग घ्या. हिला पूर्णांक म्हटलं तर ती ६५ आहे. कॅरेक्टर म्हटलं तर इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं मोठं अक्षर आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोतला ठिपका म्हटलं तर गडद करडा रंग आहे. रांगेवर स्वतःची काहीच पाटी नसते. पाटी लावतो तो प्रोग्राम लिहिणारा, आणि एकदा लावली की यंत्र तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. म्हणजे डेटा टाइप हा यंत्राचा गुण वगैरे काही नाही. कुणीतरी कधीतरी घेतलेला तो निर्णय असतो, आणि निस्तरायची वेळ येते तेव्हा ते कुणीतरी सहसा दुसऱ्या कंपनीत गेलेलं असतं.

मोबाईल नंबर ही संख्या नव्हे. तो आकड्यांनी लिहितात, एवढंच. संख्या ओळखायची माझी परीक्षा अगदी सोपी आहे: दोन घ्या आणि बेरीज करून बघा. वीजबिलांची बेरीज होते आणि रक्कम बघून घामही फुटतो. तुमच्या आणि तुमच्या मेव्हण्याच्या मोबाईल नंबरांची बेरीज करून घरातल्या कुणालाच फोन लागत नाही. मुंबईचा पिनकोड ४००००१ आणि पुण्याचा ४११००१ यांची सरासरी काढली तर ४०५५०१ येते. पत्र लोणावळ्याला जात नाही. बेरजेला अर्थ नसेल तर ती गोष्ट आकड्यांच्या वेशातली अक्षरंच समजावी आणि स्ट्रिंगमध्ये ठेवावी.

हे न पाळल्याची फळं हाउसिंग सोसायटीच्या कुठल्याही सभासद यादीत लटकलेली दिसतील. आधार क्रमांक बारा अंकी. एक्सेलला एवढा मोठा आकडा साध्या चौकोनात दाखवणं जिवावर येतं, म्हणून ते ४.५६७८९ई+११ असं काहीतरी दाखवतं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं ते पुसून टाकतं, कारण आकड्याच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते हे ते शाळेत शिकून आलेलं आहे. सोळा अंकी कार्ड क्रमांकाचे पहिले पंधरा अंक राखतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवून देतं. इमारत तीन, ई विंग, फ्लॅट बारा असं राहणाऱ्या सभासदाने आपला पत्ता सुटसुटीतपणे ३ई१२ लिहिला तर त्याचे तीनावर बारा शून्यं, म्हणजे तीन लाख कोटी होतात. एवढ्या फ्लॅटांचा मेंटेनन्स वेळेवर जमा झाला तर कुठल्याही खजिनदाराला रात्री शांत झोप लागेल.

जाणकार लोक आकड्याआधी एक अपॉस्ट्रॉफी देतात. मग आकडा उजवी कड सोडून मुकाट डावीकडे सरकतो, म्हणजे तो अक्षरांत जमा झाला. पण चौकोनाच्या कोपऱ्यात इवलासा हिरवा त्रिकोण उगवतो. त्यावर बोट ठेवलं की एक्सेल म्हणतं, ही संख्या तुम्ही अक्षरांसारखी साठवली आहे, बदलू का? पुन्हा मदत.

याच मदतीपुढे जगातल्या जनुकशास्त्रज्ञांनी हात टेकले. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी होती. शीटमध्ये टाकली की त्यांचा एक मार्च आणि दोन सप्टेंबर होई, आणि तशाच तारखा शोधनिबंधांच्या पुरवण्यांत छापूनही येत. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने एक्सेल बदलायची वाट न पाहता जनुकांचीच नावं बदलली: ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन२’. नंतर २०२३ मध्ये एक्सेलने यातले काही आपोआप होणारे बदल बंद करायची सोय दिली, पण तोवर बारसं उरकलं होतं. जमाबंदी आयुक्तांनी सातबाऱ्याच्या बाबतीत हा मार्ग धरू नये, अशी नम्र विनंती.

आता दशांश चिन्हवाले. बहुतेक चालू भाषांत ०.१ अधिक ०.२ विचारा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. शेवटचा तो चार बघून नवशिक्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडतो. कारण सरळ आहे. काँप्युटरला अर्धं कळतं, पाव कळतं, पावाचं अर्धं कळतं. दोनाने भागत जाऊन जे जे येतं ते सगळं अचूक कळतं. एक दशांश या वाटेवर भेटतच नाही. मग ते त्याच्या अगदी जवळचं काहीतरी धरून ठेवतं. दहा पैशांची दहा नाणी ०.१ म्हणून एकेक करून मोजायला लावा. यंत्राच्या हिशोबी रुपया भरत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ भरतो.

इथे मला आपल्या जुन्या नाण्यांची बाजू घ्यायची आहे, कारण दुसरं कुणी घेताना दिसत नाही. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे चौसष्ट पैशांचा रुपया. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट: प्रत्येक पायरी दोनाची. चवली, पावली, अधेली ही सगळी मंडळी काँप्युटरच्या मेमरीत केसभरही इकडेतिकडे न होता बसतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून मोठी झालेली आपली आजोबा-पणजोबांची पिढी नकळत यंत्राच्या भाषेतच हिशोब करत होती. पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांतला एकही आकडा यंत्राला अवघड नाही. सोळा वेळा एक आणा मिळवा, बरोबर एक रुपया येतो, आणि तेही अगदी सोळा आणे खरं. सगळं जमलेलं होतं. आणि नेमका तेव्हाच, काँप्युटर देशात नुकते पाऊल टाकत असताना, १ एप्रिल १९५७ ला सरकारने दशमान नाणी आणून रुपयाचे शंभर नये पैसे केले. तारीखही काय निवडली!

प्रामाणिकपणे सांगायचं तर जुन्या पद्धतीतही एक खोट होती. पैशाच्या तीन पया होत, आणि तिनाने भागलेलं यंत्राला दहाने भागलेल्याइतकंच नकोसं असतं. त्यामुळे पै न पैचा हिशोब ठेवणं कुठल्याच फ्लोटला जमलं नसतं.

जबाबदार बँका या भानगडीत पडत नाहीत. त्या पैसे फ्लोटमध्ये ठेवतच नाहीत. सगळी रक्कम पैशांत करून पूर्णांकात ठेवतात किंवा दशमान हिशोबासाठी वेगळा केलेला प्रकार वापरतात. बेजबाबदारपणाचा अभ्यास करायचा असेल तर कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअरबाजाराकडे जावं. तिथे जानेवारी १९८२ मध्ये १००० अंकांवर नवा निर्देशांक सुरू झाला. दर व्यवहारानंतर तो पुन्हा मोजायचा आणि दशांश चिन्हापुढे तीन घरं ठेवायची, असं ठरलं. चौथ्या घरापासून पुढचं जवळच्या आकड्यात मिळवण्याऐवजी प्रोग्रामने नुसतं कापायला सुरुवात केली. एका वेळी कापलं जाई ते हजाराव्या भागाहूनही कमी, पण दिवसाला हजारो वेळा. बाजार बरा चाललेला, आणि निर्देशांक मात्र झिजत झिजत नोव्हेंबर १९८३ पर्यंत ५२४ वर आला. मग कुणीतरी नीट हिशोब केला, आणि एका शनिवार-रविवारात तो १०९८ झाला. गुंतवणूकदारांना असा सोमवार पुन्हा लाभला नसेल.

अक्षरांकडे वळू. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे देण्याचं जे मानक झालं, त्या आस्कीत १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि टेलिप्रिंटरची घंटा वाजवायची खूण एवढं त्यात मावायचं. घंटेला जागा होती, ‘ळ’ला नव्हती. पुढे युनिकोड आलं आणि देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. मधल्या काळात मराठी छपाईवाल्यांनी इंग्रजी अक्षरांवरच मराठी रूपं चढवलेले फॉन्ट वापरून दिवस काढले. त्या काळातली लग्नपत्रिकेची फाइल आज दुसऱ्या यंत्रावर उघडली तर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्के यांची मिसळ निघते. पाटी मराठीची, आत माल इंग्रजीचा.

युनिकोडमध्येही अक्षर म्हणजे काय, यावर आपलं आणि यंत्राचं एकमत नाही. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. यंत्राला त्याची लांबी सहा वाटते: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. पटत नसेल तर लिहून बॅकस्पेस दाबा. बहुतेक ठिकाणी अख्खी स्त्री एका फटक्यात जात नाही. आधी वेलांटी जाते आणि ‘स्त्र’ उरतो, मग ‘स्त्’, मग ‘स्त’, मग ‘स्’, मग ‘स’, आणि सहाव्या वेळी पाटी कोरी. एसएमएसचंही तसंच. साध्या इंग्रजीत एका संदेशात १६० खुणा मावतात, देवनागरीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. शुभेच्छांचा मराठी मजकूर लिहून झाला की आपण दोन संदेशांचे पैसे भरलेले असतात. खुणा सत्तरच आणि त्यातली प्रत्येक वेलांटी वेगळी मोजलेली, असं असताना मराठी माणसाने आटोपशीर बोलावं तरी कसं?

बुलियन हा प्रकार सगळ्यात सोपा, असं पुस्तकं सांगतात: खरं किंवा खोटं. हे नाव जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचं. चांभाराचा मुलगा, बराचसा स्वतःच शिकलेला, आयर्लंडमध्ये कॉर्कच्या कॉलेजात प्राध्यापक. १८५४ साली त्याने तर्काचं बीजगणित पुस्तकात मांडलं. त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. हाच एव्हरेस्ट भारताचा सर्व्हेअर जनरल होता आणि शिखराला त्याचंच नाव दिलेलं आहे. १८६४ च्या हिवाळ्यात बूल भर पावसात काही मैल चालत कॉलेजात गेला, ओल्या कपड्यांनी व्याख्यान दिलं आणि तापाने पडला. काट्याने काटा काढावा या समजुतीने मेरीने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं, असं सांगतात. त्यातून तो उठला नाही. खरं आणि खोटं यांचं गणित जगाला देणाऱ्याच्या घरात औषधोपचाराची ही तऱ्हा.

व्यवहारात मात्र खरं-खोटं या दोनांत काम भागत नाही, म्हणून ‘नल’ नावाचं तिसरं पात्र आहे. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी जागाही नव्हे. नल म्हणजे अजून माहीत नाही. मुलगी पाहून गेलेली मंडळी जिन्यावरून उतरताना म्हणतात, ‘कळवतो.’ ते नल. त्याचा होकार धरून हॉल बुक करणारा फसतो आणि नकार धरून दुसरीकडे बोलणी लावणाराही फसतो. डेटाबेसमध्ये दोन नल एकमेकांशी ताडून बघितले तर उत्तर ‘खरं’ येत नाही, ‘खोटं’ही येत नाही, पुन्हा नलच येतं. दोन ठिकाणांहून ‘कळवतो’ आलं म्हणून दोन्हीकडचा निर्णय सारखाच असेल असं थोडंच आहे? प्रोग्रामिंगच्या भाषेत हे पात्र १९६५ साली टोनी होअर यांनी आणलं. आणायला सोपं होतं म्हणून आणलं. पुढे २००९ साली त्यांनी भर सभेत ही आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचं कबूल केलं. सगळ्या प्रकरणात आपणहून पुढे येऊन ‘हे माझं’ म्हणणारा मला आढळला तो हा एकच माणूस.

बाकीचे ‘एवढं पुरेल’ म्हणून गेलेले. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विंडोजचा जमाना येऊन मुरला तरी टर्बो सीचा निळा पडदा हटला नव्हता. हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, समोर निळा पडदा, आणि त्यातला इंट सोळा बिटांचा. तो ३२,७६७ पर्यंत मोजतो. त्यात एक मिळवला की ३२,७६८ होत नाहीत, उणे ३२,७६८ होतात. पगारपत्रकाचा प्रोग्राम लिहिताना शिपायाचा पगार अधिक आणि साहेबाचा उणे निघे. काही परीक्षकांना ते मनोमन पटतही असावं.

याच ३२,७६७ ने ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात पाडलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम आधीच्या एरियन ४ वरून उचललेला होता. नवं रॉकेट जास्त वेगाने आडवं सरकत होतं. ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबायची वेळ आली, तो मावला नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेवर भिस्त ठेवावी तर तिच्यातही तोच प्रोग्राम, ती आधीच बंद पडून बसलेली. जेमतेम चाळीस सेकंदांत रॉकेट आणि आतले चार उपग्रह खलास. त्यात कहर म्हणजे ज्या कामासाठी ही आकडेमोड चालली होती, त्या कामाची उड्डाणानंतर या रॉकेटला गरजच नव्हती. एरियन ४ मध्ये होतं, म्हणून ठेवलं होतं.

३२ बिट घेतले की मजल २१४ कोटींपर्यंत जाते. त्यापुढे कोण मोजणार? तर २०१४ च्या डिसेंबरात ‘गंगनम स्टाइल’ गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने २,१४,७४,८३,६४७ ची वेस ओलांडली आणि यूट्यूबला मोजणीचा प्रकार ६४ बिटांचा करावा लागला. आता मर्यादा ९२ हजार कोटी कोटींवर गेली आहे. गाणं कितीही भिकार असलं तरी तूर्त काळजी नाही.

काळजी आहे ती घड्याळाची. असंख्य यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद म्हणून, आणि जुन्या यंत्रांत तो आकडा ३२ बिटांचा आहे. तो भरतो १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. ऐन ऑफिसच्या वेळेला. पुढच्या सेकंदाला अशा यंत्रांच्या मते १९०१ सालचा डिसेंबर चालू होईल. नव्या यंत्रांत दुरुस्ती झालेली आहे. भिंतीत चिणलेल्या, कपाटामागे धूळ खात गुरगुरणाऱ्या आणि पासवर्ड कुणालाच आठवत नसलेल्या जुन्या यंत्रांत ती कोण करणार, हा प्रश्न आहे.

आमच्या ऑफिसातही असा एक जुना प्रोग्राम चालू आहे. तो ज्यांनी लिहिला ते ज्येष्ठ सहकारी अजून आमच्यातच आहेत, ही त्यातल्या त्यात भाग्याची गोष्ट. परवा चहाच्या वेळी त्यांना म्हटलं, ‘अहो, तुमच्या त्या प्रोग्राममध्ये वेळ अजून ३२ बिटांतच ठेवलेली दिसते.’

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, नेमक्या क्षणी बाहेर काढलं आणि म्हणाले, ‘पुरतंय रे. मी छत्तीसलाच रिटायर होतोय.’